नगराचा नकाशा आणि बहुमताचे गणित



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी मला याच शाळेत अपूर्णांक शिकवले. फळ्यावर तीन छेद चार लिहून ते वर्गाकडे वळत आणि विचारीत, "पाऊण कशाचे?" कोणी नुसते "पाऊण" असे उत्तर दिले तर त्याला उभे राहावे लागे. पाऊण भाकरी आणि पाऊण पोते यांत फरक आहे. ज्याचा भाग घ्यायचा ते आधी सांगितल्याशिवाय भागाला अर्थ नाही, हे त्यांचे म्हणणे. पुढे नगररचनेच्या नोकरीत माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. ठराव, नकाशे आणि सभांची इतिवृत्ते यांच्या ढिगाऱ्यात बसलो असता हा प्रश्न मला जितक्या वेळा आठवला, तितके कोणतेही नियमपुस्तक आठवले नाही. म्हणून आजच्या विषयासाठी त्याचाच आधार घेतो.

विषय असा की, एखाद्या नगरातील कोणत्या जमिनीवर काय व्हावे हे ठरविणारी योजना किती मतांनी संमत व्हावी? साधे बहुमत पुरे, की दोन-तृतीयांश हवे, की पाऊण?

हा विषय येथे, जाम नदीच्या काठी, मांडण्यास कारण आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला; पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके त्यात आले. गाव जिल्ह्याचे ठिकाण झाले की कचेऱ्या येतात, रस्ते रुंद होतात, वसाहती वाढतात आणि कपाटात वर्षानुवर्षे पडलेली जमिनीची कागदपत्रे लोक बाहेर काढतात. काल ज्या संत्र्याच्या बागेचा भाव बहारावरून ठरत होता, तिचा भाव आज नकाशावरील रंगावरून ठरू लागतो.

रंगावरून म्हणतो ते अक्षरशः खरे आहे. विकास योजनेच्या नकाशावर सामान्यतः निवासी भाग पिवळा, वाणिज्यिक निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक व निमसार्वजनिक लाल आणि मनोरंजनाची मोकळी जागा हिरवी दाखवितात. एका सर्वे नंबरावरून रंगाची सीमारेषा दोन बोटे सरकली, तर एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे अर्थकारण बदलते. दुसऱ्या बाजूने, त्याच दोन बोटांत एखाद्या वस्तीचे एकुलते एक मैदान जाते. इतक्या मोठ्या गोष्टीला नुसते "निम्म्याहून एक अधिक" मत पुरावे काय, असा प्रश्न कोणालाही पडावा. माझ्या तरुणपणी मलाही पडला होता, आणि तेव्हा माझे उत्तर "पुरू नये" असे होते. आज ते तसे राहिलेले नाही. का राहिले नाही, तेच सांगणार आहे.

प्रथम गणित पाहू. समजा, एका नगरपालिकेत तीस सदस्य आहेत. सभेला सोळा आले. उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांचे साधे बहुमत म्हणजे नऊ मते. उपस्थितांच्या दोन-तृतीयांशाची अट घातली तर अकरा लागतील. एकूण सदस्यांच्या साध्या बहुमताची अट घातली तर सोळाच्या सोळा हात वर व्हावे लागतील. आणि एकूण सदस्यांच्या पाऊण मतांची अट घातली तर तेवीस हवेत. म्हणजे त्या दिवशी सोळांनी एकमुखाने मागणी केली तरी ठराव होणार नाही. येथे कानाला मोठी वाटणारी दोन-तृतीयांशाची अट साध्या वाटणाऱ्या "एकूण सदस्यांच्या बहुमता"पेक्षा सौम्य ठरते. आपल्या राज्यघटनेच्या ३६८ व्या अनुच्छेदाने घटनादुरुस्तीसाठी दोन्ही अटी एकत्र बांधल्या आहेत त्या याच कारणासाठी: प्रत्येक सभागृहात उपस्थित व मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश, आणि शिवाय एकूण सदस्यसंख्येचे बहुमत. नुसत्या दोन-तृतीयांशावर घटनाकारांनी विश्वास ठेवला नाही.

छेदस्थानी काय ठेवावे याचे शेजारच्या महाराष्ट्रातील एक उदाहरण आपल्या घरातील माताभगिनींना अधिक लवकर पटेल. गावातील किंवा प्रभागातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी तेथे मतदान घेता येते. "उभी बाटली" आणि "आडवी बाटली" या चिन्हांवर ते होते. दुकान बंद व्हावयाचे तर मतदानाला आलेल्या स्त्रियांपैकी निम्म्या नव्हे, तर यादीतील एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक आडव्या बाटलीच्या बाजूने उभ्या राहाव्या लागतात. परगावी मजुरीला गेलेली, माहेरी बाळंतपणाला गेलेली, यादीत नाव राहिलेली मृत स्त्री, या सगळ्या नकळत दुकानाच्या बाजूने मोजल्या जातात. अट वर नेली की न आलेल्याचे मत जुन्या व्यवस्थेच्या पेटीत पडते. हे वाक्य मी पुढेही वापरणार आहे, म्हणून ते लक्षात असू द्यावे.

आता विकास योजनेकडे वळू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याप्रमाणे नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुतेक ठिकाणी महानगरपालिका अथवा नगरपरिषद, योजना करण्याचा इरादा जाहीर करते. विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. प्रारूप योजना प्रसिद्ध होते. नागरिकांच्या हरकती व सूचना येतात. नियोजन समिती त्या ऐकते. आणि अखेर योजना मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जाते. या वाटेवर सर्वसाधारण सभेपुढे हा विषय दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा कायदा विशेष बहुमत मागत नाही. गंमत अशी की, महापालिकेला आपला आयुक्त परत पाठवायचा असेल तर एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांशांचे बहुमत लागते. एका अधिकाऱ्याला घालविण्यासाठी एवढी काळजी, आणि वीस वर्षांच्या नगराला कोणतीच नाही! तरुणपणी मी हे उदाहरण फार आवेशाने देत असे.

तो आवेश कसा उतरला, ते सांगितले पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीला एका लहानशा गावी मी कनिष्ठ पदावर होतो. गावाचे नाव सांगत नाही. मंजूर योजनेत एक एकर-सव्वा एकराचे क्रीडांगणाचे आरक्षण होते. ते उठवून जागा निवासी करावी, असा फेरबदलाचा प्रस्ताव एका सायंकाळी सभेत आला. कार्यक्रमपत्रिकेवर तो नव्हता. "ऐनवेळचे विषय" या शीर्षकाखाली आला. दिवेलागण झाली होती, निम्मे सदस्य चहाला उठले होते. पीठासीन अधिकाऱ्यांनी विषयाचा क्रमांक वाचला, समोरून दोन-तीन आवाज आले, "मंजूर, मंजूर", आणि पुढचा विषय निघाला. नकाशा माझ्या मांडीवर गुंडाळलेला होता. तो उलगडण्यास कोणी सांगितले नाही आणि मीही उलगडला नाही. दुसऱ्या दिवशी इतिवृत्तात नोंद झाली: "ठराव सर्वानुमते मंजूर."

सर्वानुमते! म्हणजे शंभर टक्के. त्या सभेला पाऊण मतांची अट असती, अगदी नऊ-दशांशाची असती, तरी इतिवृत्ताने ती निमूटपणे पूर्ण केली असती. मते मोजली गेली नव्हती, नावे पुकारली गेली नव्हती, ठरावात कोणत्या सर्वे नंबरची जागा जाते हे निम्म्यांना ठाऊक नव्हते. अपूर्णांक कितीही मोठा असो, मोजणीच नसेल तर त्याला अर्थ नाही, हे त्या रात्री खोलीवर परतताना समजले. ती गुंडाळी मी का उलगडली नाही, याचे समाधानकारक उत्तर मला आजतागायत सापडलेले नाही.

दुसरा धडा पुण्याने दिला, आणि तो सर्वांच्या डोळ्यांदेखत घडला. पुण्याच्या जुन्या हद्दीची आधीची योजना जानेवारी १९८७ मध्ये मंजूर झाली होती. २००७ ते २०२७ या कालावधीची प्रारूप योजना २०१३ च्या मार्चअखेर प्रसिद्ध झाली. हरकती व सूचना ऐंशी हजारांहून अधिक आल्या. त्या ऐकण्यासाठी कायद्याप्रमाणे नियोजन समिती बसली. या समितीची रचना पाहण्यासारखी आहे: स्थायी समितीतील तीन सदस्य, म्हणजे लोकांनी निवडून दिलेले, आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. तीन आणि चार. संख्येने पाहता बहुमत तज्ज्ञांच्या हाती. परंतु निवडून आलेले तिघे ते मानतीलच असे नाही, कारण सभागृह त्यांच्या पाठीशी. व्हायचे ते झाले. एकमत झाले नाही, दोन वेगळे अहवाल निघाले आणि मुदती उलटत गेल्या. अखेर मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने योजना महापालिकेकडून काढून घेतली आणि विभागीय आयुक्त एस. चोक्कलिंगम यांच्या अध्यक्षतेखाली तीन अधिकाऱ्यांची समिती नेमली. जानेवारी २०१७ मध्ये, महापालिकेची निवडणूक तोंडावर असताना, योजना मंजूर झाली.

आता असे समजा की, पुण्याच्या सर्वसाधारण सभेला त्या योजनेसाठी पाऊण मतांची अट होती. काय झाले असते? गुंता सुटला नसता. आणखी लवकर पडला असता. सभेत एक-चतुर्थांशाहून थोडे अधिक सदस्य एकत्र आले की योजना अडली असती, आणि अडलेली योजना काही आकाशात लटकून राहत नाही. ती राज्य शासनाकडे जाते. म्हणजे नगरसेवकांच्या सभागृहातील अट जितकी उंच, तितके शासनाचे काम सोपे. उंच अटीने नागरिकांचे रक्षण होते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती ज्याच्या झोळीत न झालेला निर्णय पडणार असतो, त्याचे रक्षण करते. म्हणून अट किती असावी हे विचारण्यापूर्वी, अट पूर्ण न झाल्यास पुढे काय होणार, हे विचारावे. पूर्वीची योजना चालू राहणार? शासन निर्णय घेणार? की आयुक्त? या प्रश्नाचे उत्तर बदलले की तोच अपूर्णांक वेगळी फळे देतो. २०२२ पासून काही वर्षे महाराष्ट्रातील अनेक महापालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. तेव्हा तर सर्वसाधारण सभेचे बहुमत एका सहीत मावले.

सभागृहातील मतांनीच वाईट नकाशा अडतो, असेही नाही. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या योजनेचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्येच ते बाजूला ठेवून दुरुस्त करण्याचा आदेश मुख्यमंत्र्यांना द्यावा लागला. सभागृहात त्यावर बहुमत-अल्पमत होण्याचा प्रसंगच आला नव्हता. लोकांनी नकाशे उघडून आपापली गल्ली शोधली, एवढेच झाले होते. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि योजना सप्टेंबर २०१८ पासून अमलात आली.

परदेशात या प्रश्नाचा विचार वेगळ्या वाटेने झाला आहे. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने १९२० च्या दशकात जमीन वापराच्या विभागणीसाठी राज्यांपुढे एक नमुना कायदा ठेवला. त्यात अशी तरतूद होती की, ज्या जागेचा वापर बदलायचा तिच्या किंवा लगतच्या जमिनीच्या वीस टक्के अथवा अधिक क्षेत्राच्या मालकांनी लेखी निषेध केला, तर तो बदल नगरसभेच्या एकूण सदस्यांच्या तीन-चतुर्थांश मतांशिवाय लागू होऊ नये. एरवी साधे बहुमत; शेजारी उठले तर पाऊण. कल्पना मोठी शहाणपणाची आहे. अट कायमची उंच नाही. ज्याला झळ लागते तो हाक मारील तेव्हाच ती वर चढते.

टेक्सास राज्यातील ऑस्टिन या नगरात या तरतुदीची कसोटी लागली. तेथील सभेने संपूर्ण नगराची जमीन वापर संहिता नव्याने लिहावयास घेतली. अकरा सदस्यांची सभा. फेब्रुवारी २०२० मध्ये दुसऱ्या वाचनात सात विरुद्ध चार मते पडली. जमीनमालक न्यायालयात गेले. नगराचे म्हणणे असे की, निषेधाचा अधिकार एखाद्या भूखंडाच्या बदलापुरता आहे, संपूर्ण संहितेला तो लागू नाही. मार्च २०२० मध्ये न्यायालयाने निकाल मालकांच्या बाजूने दिला: प्रत्येक मालकाला स्वतंत्र सूचना पाठविली पाहिजे आणि निषेध आल्यास पाऊण मतांची अट लागू होईल. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयानेही ते उचलून धरले. अकरांचे पाऊण म्हणजे नऊ, हाती सात. संहिता तेथेच थांबली.

उलट दिशेचे उदाहरण मॅसॅच्युसेट्सचे. तेथील गावसभांना जमीन वापराचे नियम बदलण्यास दोन-तृतीयांश मते लागत. जानेवारी २०२१ मध्ये कायदा बदलून, काही प्रकारच्या घरबांधणीसाठी ते साध्या बहुमतावर आणले गेले. कारण उघड होते. सभेतील एक-तृतीयांशाहून थोडी अधिक घरवाली मंडळी नव्या घरांना अडवीत होती, आणि ज्यांना ती घरे हवी होती ते बिचारे अद्याप त्या गावात राहावयास आलेलेच नव्हते. त्यांचे मत कोठे मोजणार? भाडेकरू, येऊ घातलेला कामगार, लग्न होऊन वेगळे बिऱ्हाड थाटणारा मुलगा, हे कोणत्याच छेदात बसत नाहीत. आडव्या बाटलीविषयी म्हटले तेच येथे: न आलेल्याचे मत जुन्या व्यवस्थेच्या पेटीत पडते.

या सर्वांतून माझे जे मत बनले ते आता स्पष्ट सांगतो. तज्ज्ञ मित्रांपैकी अनेकांना ते मान्य नाही, हेही सांगतो.

संपूर्ण योजना साध्या बहुमताने संमत व्हावी. मात्र ते बहुमत एकूण सदस्यांचे असावे, आणि मत नाव पुकारून नोंदले जावे. योजना संपूर्ण असते तेव्हा तिच्यात देणे-घेणे असते. एका वस्तीत रुग्णालयासाठी जागा घेतली तर दुसरीत शाळेसाठी घेतलेली असते. कोणाची जमीन रस्त्यात जाते तर त्याच रस्त्याने दुसऱ्याचा माल बाजारात जातो. अशा गोष्टीला उंच अट घातली की प्रत्येक गट आपापल्या पाठिंब्याची किंमत मागू लागतो आणि योजनेचे गाठोडे होते. परंतु योजना एकदा मंजूर झाल्यावर, तिच्यातील एखादे मैदान, बाग, शाळेची जागा वा नदीकाठची मोकळी पट्टी काढून घ्यावयाची असेल, तर तेथे मात्र अट पाऊणाची असावी, एकूण सदस्यांच्या पाऊणाची, आणि तो विषय ऐनवेळी घेण्यास सक्त मनाई असावी. कारण तेथे देणे-घेणे उरलेले नसते. जाणारे एका वस्तीचे असते आणि येणारे एका सातबाऱ्याचे. ऑस्टिनच्या न्यायालयाशी माझा मतभेद येथे आहे. प्रत्येक मालकाला घरपोच सूचना मिळाली पाहिजे, हे त्यांचे म्हणणे शिरोधार्य. आपल्याकडे राजपत्र आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानातील बारीक अक्षरांवर काम भागविले जाते. परंतु पाऊणाची अट संपूर्ण योजनेला लावणे मला पटत नाही. तिचे स्थान तुकड्याच्या बदलात आहे.

येथे जमीनमालकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. नाहीतर मी नोकरशहाचेच भाषण करतो आहे असे वाटेल. आरक्षणाखाली वर्षानुवर्षे अडकलेल्या शेतकऱ्याला ना मोबदला मिळतो, ना बांधकाम करता येते, ना योग्य भावाने विकता येते. म्हणून महाराष्ट्राच्या कायद्यात १२७ वे कलम आहे. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत प्राधिकरणाने संपादनाचे पाऊल उचलले नाही तर आरक्षण व्यपगत होते. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहा: ज्या मैदानाच्या रक्षणासाठी आपण पाऊण मतांचा आग्रह धरला, ते एकही हात वर न होता, नुसत्या टेबलावर पडून राहिलेल्या कागदाने जाते. म्हणून ज्या नगरपालिकेच्या तिजोरीत संपादनाला पैसा नाही, तिने नकाशावर शंभर हिरवे चौकोन काढून टाळ्या घेऊ नयेत. दहा काढावेत आणि ते विकत घ्यावेत.

आणखी एक अडचण आहे, आणि ती सावरगावच्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पात्राच्या मधोमध पळसाचे झाड उभे राहते, त्यावर झेंडा लागतो आणि दोन्ही काठांवरून गोटमार होते. तिच्याविषयीची माझी मते येथे मांडत नाही. ज्या घरांनी माणसे गमावली त्यांच्यापुढे मतांना किंमत नाही. सांगायचे ते एवढेच की, दोन काठ एकाच नियोजन क्षेत्रात येतात तेव्हा त्यांची संख्या सारखी नसते. उद्या कचरा टाकण्याची जागा कोणत्या काठाला असावी यावर मत घेतले, तर ज्या काठाची डोकी अधिक तो दुसरा काठ दाखवील, आणि साध्या बहुमताने, दोन-तृतीयांशाने, प्रसंगी पाऊणानेही दाखवील. जो कायमचा अल्पसंख्य आहे त्याला सर्वांच्या मतांतला कोणताही अपूर्णांक वाचवीत नाही. त्याला वाचविते ती वेगळी मोजणी: ज्याच्या दारात ते येणार, त्याची संमती निराळी घेणे.

असे आपल्या देशात अगदीच झालेले नाही असे नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची, आणि शासन-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी सत्तर टक्क्यांची पूर्वसंमती आवश्यक केली. येथे छेदस्थानी संपूर्ण नगर नाही, बाधित कुटुंबे आहेत. त्यापूर्वी, २१ सप्टेंबर २००८ रोजी, रायगड जिल्ह्यातील पेण परिसरातील बावीस गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही यावर शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. कौल मोठ्या प्रमाणात विरोधात गेला. परंतु किती टक्के विरोध झाला म्हणजे शासन बांधले जाईल, हे आधी ठरलेले नव्हते. पुढे ते संपादन तडीस गेले नाही, हा भाग निराळा. कौलाच्या दिवशी शेतकऱ्याच्या हातात मत होते, पण त्या मताला वजनाचा काटा नव्हता.

आता आपल्या राज्याविषयी. एवढा वेळ मी महाराष्ट्राविषयी बोललो, आणि आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की आमच्या नगरपालिकेत पार्षद किती मतांनी योजना संमत करतात ते सांगा. तर मित्रहो, ते संमत करीतच नाहीत. १९७३ च्या मध्यप्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाप्रमाणे विकास योजना नगरपालिका करीत नाही. राज्याचे नगर तथा ग्राम निवेश संचालक करतात. लोकप्रतिनिधींची एक समिती असते, तिच्यात नगरपालिकेच्या अध्यक्षांपासून आमदार-खासदारांपर्यंत मंडळी बसतात, आलेल्या हरकती ऐकतात आणि शिफारस करतात. मंजुरी भोपाळची. पुढे बदल करण्याचा अधिकारही शासनाकडे आहे. म्हणजे पाऊण की निम्मे, हा आमचा वाद येथे शून्याच्या छेदावर येऊन थांबतो.

१९९३ पासून अमलात असलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगररचना आणि जमीन वापराचे नियमन हे विषय नगरपालिकांना देता येतील अशा सूचीत घातले. जिल्हा नियोजन समितीत किमान चार-पंचमांश सदस्य पंचायती व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत, असेही म्हटले. परंतु "देता येतील" आणि "दिले" यांत जे अंतर आहे, ते सावरगाव ते भोपाळ एवढे आहे. मत नसले म्हणजे काम झपाट्याने होते, असे म्हणणाऱ्यांसाठी भोपाळचेच उदाहरण देतो. २००५ सालापर्यंतसाठी केलेली तेथील योजना मुदत संपूनही चालू राहिली. २०३१ पर्यंतच्या नव्या योजनेचे प्रारूप २०२० मध्ये आले आणि पुन्हा २०२३ मध्ये आले. नगरसभेचे मत तेथे आडवे आले नव्हते.

मग आपल्या हाती काय? दोन प्रसंग. पहिला, नियोजन क्षेत्राचा वर्तमान भू-उपयोग नकाशा प्रसिद्ध होतो तेव्हाचा. त्यावर लेखी हरकती घेण्यास तीस दिवस असतात. दुसरा, प्रारूप योजना प्रसिद्ध होते तेव्हाचा. लोक दुसऱ्या प्रसंगी धावत येतात. पहिल्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. माझ्या अनुभवाने पहिला अधिक मोलाचा आहे. आज जमिनीवर काय आहे, याची नोंद त्यात पक्की होते आणि पुढचे सर्व रंग त्या नोंदीवर चढतात. मोजणीला आलेला माणूस परगावचा असतो. कुंपण नसलेले मैदान त्याला मोकळी पडीक जागा दिसते, आणि तो तशीच लिहितो. पुढे प्रारूप करणारा अधिकारी त्या पडीक जागेवर काहीही दाखवू शकतो, आणि त्याने कोणाचे काही काढून घेतले असे कागदावर दिसतही नाही.

आपल्या शाळेमागच्या मैदानाला आजही पूर्ण भिंत नाही. एका बाजूला बाभळीचे कुंपण आहे, नदीकडची बाजू उघडी आहे. गुरुजी आम्हांला तेथेच कवायतीला उभे करीत. नवा नकाशा लागेल तेव्हा माजी विद्यार्थ्यांपैकी दोघा-तिघांनी कचेरीत जावे, त्या सर्वे नंबरापुढे काय लिहिले आहे ते वाचावे, आणि "रिक्त भूमी" असे लिहिलेले आढळल्यास तीस दिवसांच्या आत शाळेच्या दाखल्यासह लेखी हरकत देऊन तिची पोच घ्यावी. अर्जाचा मसुदा मी लिहून मुख्याध्यापकांकडे ठेवला आहे. त्यात सर्वे नंबर आणि तारीख या दोनच जागा कोऱ्या आहेत.